प्रवेशपत्र (व्हिसा)

प्रवेशपत्र : परकीय व्यक्तीस देशाच्या सीमेवर येऊन प्रवेश मागता यावा, यासाठी त्या देशाच्या शासनाने आगाऊ दिलेली अनुज्ञा. व्यवहारात तीस व्हिसा म्हणतात. पारपत्र व प्रवेशपत्र यांत पुष्कळदा गल्लत होते. पारपत्र स्वतःचे शासन देते व ते धारकाच्या ओळखीची आणि नागरिकत्वाची ग्वाही असते. प्रवेशपत्र देणारे शासन परके असते. सतवंतसिंग साहनी खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असे ठरविले आणि त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. मनेका गांधी खटल्याने (१९७८) या हक्कास अधिक बळकटी आली. तथापि तो भारतीय शासनाविरुद्धचा हक्क होय. अन्य देशाने दार लावून घेतल्यास त्याचा उपयोग नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबईहून बोटीने विलायतेस जाणाऱ्यास असे कागद सहसा लागत नसत. युद्धकाळातील निर्बंध शांततेतही टिकून राहिले व भारतात प्रवेशासाठी पारपत्राची अट घालणारा अधिनियम १९२० साली झाला. ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या स्थायिक होण्यावर बंधने घातली, तरी केवळ भेटीस जाणाऱ्या भारतीयास त्यानंतरही प्रवेशपत्र आवश्यक नव्हते. गिरगावातील गृहस्थ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरे आणि त्याच्या प्रवेशाचा निर्णय तेथील अधिकारी करी. निर्णय प्रतिकूल झाल्यास प्रवासाचा खर्च पदरी पडून परतावे लागे. ऑक्टोबर १९८६ पासून ब्रिटनने भारतीयांना प्रवेशपत्र सक्तीचे केले. त्यामुळे पहिली चाळणी प्रवासापूर्वी, मायदेशातच होऊ लागली. अमेरिकेची अशीच चाळणी मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावरील लिंकन हाउस या वांकानेर संस्थानिकांच्या पूर्वीच्या वास्तूत होई. २०११ साली ते कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. अर्ज व बोटांचे ठसे स्वीकारण्याचे काम आता बरेच देश खाजगी संस्थांकडे सोपवितात. निर्णयाचा अधिकार मात्र त्या संस्थांना नसतो, हे अर्जदारांच्या बरेचदा ध्यानात येत नाही.

अमेरिकेच्या कायद्यानुसार पर्यटक म्हणून अर्ज करणारी व्यक्ती स्थायिक होण्याच्याच हेतूने येत आहे, असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटविण्याचा भार अर्जदारावर असतो. दादरची जागा, निवृत्तिवेतन, नोकरी, मागे राहणारे कुटुंब यांची विचारपूस होते, ती परतण्याची कारणे जोखण्यासाठी. श्रीमंती मोजणे हा तिचा मुख्य हेतू नव्हे. या कारणास्तव अर्ज फेटाळला गेल्यास अपील नसते, पण नवा अर्ज करता येतो. खोटे कागद दाखल करणे मात्र कायमचे भोवू शकते.

सर्वाधिक घोटाळा मुदतीविषयी होतो. अमेरिकेच्या प्रवेशपत्रावरील तारीख ही ते वापरून सीमेवर जाण्याची अखेरची तारीख असते. राहण्याची मुदत प्रवेशाच्या वेळी आप्रवासन अधिकारी ठरवितो. अमेरिकेचे प्रवेशपत्र भारतीयांना पुष्कळदा दहा वर्षांचे मिळते, परंतु पर्यटकास एका खेपेस साधारणतः सहा महिनेच राहता येते. मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईवडिलांनी दहा वर्षांच्या शिक्क्यावर विसंबून मुक्काम वाढविल्यास तो बेकायदा ठरतो. असा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, तर वर्ष किंवा अधिक झाल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी होते. मुदतवाढीचा अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. पर्यटकास नोकरी अगर मोबदल्याचे काम करण्यास मनाई असते.

यूरोपातील शेंगेन करारात १९८५ साली पाच देश सहभागी होते. १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. आता २९ देशांच्या या क्षेत्रात एकच अल्पकालीन प्रवेशपत्र चालते. ब्रिटन व आयर्लंड त्यात नाहीत. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे, आणि मुक्काम सारखे असल्यास प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे करावयाचा असतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही येथील मर्यादा होय. गणना मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजून केली जाते आणि आगमनाचा व प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस तीत धरतात. त्यामुळे मध्येच आठवडाभर लंडनला जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही.

भारतही परकीयांना हाच न्याय लावतो. जुन्या अधिनियमांच्या जागी आलेला आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आहे. लालबागला गणेशोत्सवासाठी येणारा, पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मराठी माणूस कायद्याच्या दृष्टीने परकीयच. त्याने ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ म्हणून नोंदणी केली असल्यास त्याला आजीवन प्रवेशपत्राची सवलत मिळते. नाव काहीही असले, तरी मतदानाचा हक्क तीत नाही. नोंदणी नसल्यास त्यालाही आजोळी येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.