निर्णयाची वाट (भाग ९): पोटात गोळा येतो तेव्हा

चितेगावहून बिडकीनकडे निघालं की पैठण रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगच्या पाट्या लागतात. बिडकीनला ऑरिकची औद्योगिक नगरी आली आणि या पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा सुरू झाली: घ्यायचा का? कागद ठीक दिसतो, एजंट घाई करतो आणि ऐन इसार मोजताना पोटात गोळा येतो. सोबतचा भाऊ म्हणतो, "काही नाही, घाबरलास तू." मागच्या भागात आपण हिशेब मांडून ठरवायचं कसं ते पाहिलं. आज या गोळ्याचं काय करायचं ते पाहू.

पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के धागे खालची खबर वर नेतात. वरचा हुकूम खाली आणणारे त्या मानाने थोडेच. शरीराची अशी खबर निर्णयात कशी उतरते, याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अँटोनियो दामासिओ, अँटॉइन बेशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पत्त्यांच्या चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत कमाई मोठी, पण अधूनमधून बसणारा फटका त्याहून मोठा. उरलेल्या दोघींत कमाई बेताची, पण शेवटी फायदा. दहाएक पत्ते उलटून झाल्यावरच वाईट गड्डीकडे हात नेताना खेळणाऱ्याच्या तळहाताला सूक्ष्म घाम येऊ लागला. "इथं काहीतरी गडबड आहे" असं त्याला तोंडाने सांगता आलं ते पन्नासाव्या पत्त्याच्या सुमारास! मेंदूच्या पुढच्या भागाला विशिष्ट इजा झालेल्या रुग्णांना मात्र हा आगाऊ घाम फुटलाच नाही आणि ते तोट्याच्या गड्ड्याच उचलत राहिले. या प्रयोगाचा शोधनिबंध १९९७चा. २००४मध्ये माइया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी याच खेळात नीट खोदून प्रश्न विचारले, तेव्हा आधी मानलं होतं त्याहून बरंच लवकर खेळणाऱ्यांना कळलेलं असतं असं दिसलं. तेव्हा "पोटाला सगळं आधी कळतं" असं कुणी छातीठोक सांगू लागलं, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

माझ्या मते खरी मेख दुसरीकडेच आहे. त्या खेळाडूंचा हात कशामुळे शिकला? दर पत्त्यागणिक लगेच निकाल मिळाल्यामुळे. बाजारात चाळीस वर्षं बैल पारखलेल्या शेतकऱ्याला दात मोजण्याआधीच जनावर खटकतं. त्या खटकण्यामागे शेकडो सौदे आणि त्यांचे परिणाम असतात. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९मध्ये हेच मांडलं: ज्या कामात काही नियमितपणा असतो आणि चूक झाली की ती लवकर कळते, तिथलीच अंतःप्रेरणा भरवशाची. तोच शेतकरी आयुष्यातला पहिला प्लॉट घेतो, तेव्हा त्याचा गोळा नवखेपणाचाही असू शकतो. किंवा सकाळपासून रिकाम्या पोटी प्यायलेल्या चहाचा.

निवांत वाटणंही तितकंच फसवं असतं, आणि हे चितेगावइतकं कुणाला ठाऊक? वर्षानुवर्षं शिफ्ट लागते, महिन्याला पगार जमा होतो, शरीर त्यालाच सुरक्षित म्हणायला शिकतं. आणि मग चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनीच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे कामगाराच्या पोटाला कळणार कुठून?

म्हणून गोळा आला की आधी दोन प्रश्न: असा व्यवहार मी पूर्वी किती वेळा केलाय? आणि नेमकं काय खटकलं: सातबाऱ्यावरचं नाव, एनएचा कागद, की फक्त आकडा मोठा आहे? उत्तर सापडलं तर तेच तपासा. सापडलं नाही तर इसार आठ दिवस पुढे ढकला, फेरफार पाहा, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घ्या. एजंट आठ दिवसही थांबायला तयार नसेल, तर तो प्लॉट सोडा.

पुढच्या आठवड्यात: घरातल्या चौघांची मतं चार असतात तेव्हा.