कळीचा चुना आणि लेकरांचे डोळे

ईद जवळ आली की भिंतींना चुना लावायची लगबग सुरू होते. वणीकडच्या राजूरच्या भट्ट्यांत चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजते, आच पोटात घेते आणि तिचा कळीचा चुना होतो. पाणी पडताच यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त उष्णता एकदम बाहेर येते. बाकीची भिंतीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषताना, हळूहळू. ‘उष्मादायी अभिक्रिया’ आम्ही वर्गात शिकवतो, पण घरी खदखदत्या बादलीपाशी लेकरेच बसलेली असतात! चुना थोडाथोडा पाण्यात सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यात उडालाच तर चोळू नये, सुरमा-गुलाबजल तर नाहीच. नळाखाली अर्धा तास डोळा धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा. विरवायला प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्यावे.