ऐनाच्या रानातला कोसा

पावसाळा लागला की मोठ्या पतंगांचे फोटो फिरू लागतात. शाळेच्या व्हरांड्यात, दिव्याच्या खांबाखाली, घराच्या भिंतीवर तळहाताएवढा पतंग पंख पसरून बसलेला असतो आणि दोन दिवसांनी स्थानिक पेपरात ‘दुर्मीळ पतंग आढळला’ अशी बातमी येते. त्यातले बरेचसे पतंग दुर्मीळ नसतात. ते रात्री उडतात आणि पंख फुटल्यावर फार तर आठ-दहा दिवस जगतात, त्यामुळे आपल्या नजरेला पडत नाहीत. अशा पतंगांपैकी एकाचीच इथे सविस्तर ओळख करून द्यायची आहे. तो म्हणजे टसर रेशमाचा पतंग. पूर्व विदर्भात त्याच्या कोशाला कोसा म्हणतात, आणि पतंगापेक्षा तिथे कोसाच जास्त ओळखीचा आहे. ते योग्यच आहे. पतंगाची ओळख पंखांवरून सुरू होते, पण पक्की होते ती त्याच्या झाडापाशी गेल्यावर.

पंखांपासूनच सुरुवात करू. आपल्याकडच्या रानात जे मोठे रेशीम पतंग दिसतात, त्यांची एकमेकांशी गल्लत होते. अ‍ॅटलास पतंग सगळ्यांत थोर. त्याच्या पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात आणि पुढच्या पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी वळलेली असतात. आपल्या सह्याद्रीतला अ‍ॅटलास हा हिमालयातल्या अ‍ॅटलासहून वेगळ्या जातीचा, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत राहणारा आहे. बातम्यांत मात्र दोघांना सर्रास एकाच नावाने संबोधलं जातं. चांद्रपतंग फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेला. त्याला ओळखायला कष्ट पडत नाहीत. टसरचा पतंग या दोघांच्या मधल्या आकाराचा. त्याच्या चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो, आणि डोळ्याच्या मध्यभागी खवलेच नसल्यामुळे तिथून आरपार दिसतं. नर बहुधा विटकरी-तपकिरी, मादी पिवळसर किंवा राखाडी. पण रंगावर विसंबू नये, दोघांतही छटा बदलतात. शृंगिका पाहाव्यात. नराच्या शृंगिका रुंद पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादी हवेत सोडते तो गंध रात्रीच्या अंधारात दुरून टिपायचा असल्यामुळे नराला एवढं मोठं पीस लागतं. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं, जाड. ती दीडशे-दोनशे अंडी घालते. दोघांनाही खायला कामाचं तोंड नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवरच त्यांचं पुढचं सगळं आयुष्य चालतं.

शास्त्रीय नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. लिनियसने १७५८ मध्ये ‘पॅफिया’ हे नाव दिलं, ड्र्यूरीने १७७३ मध्ये ‘मायलिटा’. रेशीमशास्त्राच्या पुस्तकांत अँथेरिआ मायलिटा लिहिलं जातं, पतंगांच्या याद्यांत पुष्कळदा अँथेरिआ पॅफिया सापडतं. वाचकाने दोन्ही नावं लक्षात ठेवलेली बरी, नाहीतर एकाच प्राण्याची माहिती दोन ठिकाणी विखुरलेली राहते.

आता कोशाकडे येऊ, कारण खरी मौज तिथे आहे. अळी हिरवीगार, अंगावर फोड आणि विरळ केस, कुशीला चांदीसारखे चकाकते ठिपके. चार वेळा कात टाकून ती बोटाहून लांब आणि जाड होते. एवढी मोठी असूनही पानांत ती सहसा दिसत नाही. झाडाखाली खोबणी पडलेल्या जाड लेंड्या दिसल्या की वर पाहावं. कोश करायची वेळ आली की ती आधी फांदीभोवती रेशमाचं कडं विणते, त्याला कडक देठ जोडते आणि मग त्या देठाला लटकणारा अंड्याच्या आकाराचा कोश करते. हा देठ आणि हे कडं पाहिलं की शंका उरत नाही. अ‍ॅटलासचा कोश पानात गुंडाळलेला, कागदासारखा असतो. आंब्या-काजूवर झुबक्याने येणाऱ्या क्रिकुला पतंगाचे कोश सोनेरी आणि जाळीदार असतात. टसरचा कोश मात्र नखाने दाबून दबत नाही, इतका टणक. अळी आपल्या स्रावातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक त्यात मिसळते, म्हणून तो असा घट्ट होतो. आतला पतंग बाहेर यायच्या वेळी तोंडाजवळून एक पाचक रस सोडतो, देठाकडचे धागे ओले आणि सुटे करतो आणि वाट काढतो. देठाकडे मोठं गोल भोक असलेला कोश हातात आला तर समजावं की पतंग सुखरूप निघून गेला.

कोश शोधायचे तर पानगळीनंतर जावं. दिवाळीच्या सुमारास बांधलेल्या कोशातला जीव हिवाळा आणि सगळा उन्हाळा तसाच निजून काढतो. माघ-फाल्गुनात टसरच्या अळीचं मुख्य झाड, ऐन, निष्पर्ण होतं आणि उघड्या फांद्यांवर कोसे लांबूनही दिसू लागतात. मृगाच्या पावसाने हवेत ओल आली, ऐनाला कोवळी पानं आली, की संध्याकाळी पतंग बाहेर पडतात. त्यांची अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात तेव्हा अळ्यांना कोवळा पाला तयार असतो. झाडाचं आणि पतंगाचं वेळापत्रक असं एकमेकांत गुंतलेलं आहे.

म्हणून हे झाड ओळखता आलं पाहिजे. ऐन, विदर्भात येन, याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. पानाच्या मागे, देठाजवळ दोन छोट्या गाठी असतात. अर्जुन त्याच्याच कुळातला, पण तो ओढ्याकाठी, नदीकाठी उभा राहतो आणि त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. टसरची अळी बोर, जांभूळ, बेहडा यांवरही पोसते, पण आपल्याकडे तिची खरी वस्ती ऐन आणि अर्जुनावर. झारखंड, ओडिशा आणि बस्तरमध्ये हीच जात साल वृक्षांवर राहते. तिथल्या टसरचे कोश आकाराने, रंगाने, टणकपणाने वेगळे. सिंहभूमचा ‘डाबा’, बस्तरचा ‘रैली’, मयूरभंजचा ‘मोदल’ अशा प्रदेशागणिक उपजाती रेशीमतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत आणि त्यांत आपली ‘भंडारा’ही आहे. बस्तरचा रैली आजही रानातूनच गोळा करतात. पाळायचे प्रयत्न झाले, तो माणसाच्या हाताला फारसा लागला नाही. जात एकच असली तरी रान बदललं की प्राणी बदलतो. याच्याइतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यानपिढ्या टसर पाळत आली आहेत. पाळणं म्हणजे घरात ठेवणं नव्हे. अंडी फुटली की अळ्या रानातल्या ऐनावर सोडायच्या आणि पुढे महिना-दीड महिना, हिवाळी पिकाला त्याहूनही जास्त, झाडाखाली राखण करायची. पक्ष्यांना गोफण, मुंग्या आणि गांधीलमाश्यांवर नजर, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट अळ्या दुसऱ्या झाडावर. उझी माशी सगळ्यांत वाईट. ती अळीच्या कातडीवर अंडं चिकटवते, त्यातला किडा आत शिरतो, कातडीवर काळा डाग उरतो, आणि कोशातला जीव आतून संपतो. ही राखणदार माणसं डाग पाहून सांगतात की ही अळी जगणार नाही. पतंगाच्या जीवनक्रमाचं त्यांच्याकडचं ज्ञान पुस्तकांनी अजून पुरतं टिपलेलं नाही, आणि टिपलं पाहिजे.

या धाग्याचा इतिहास लांबचा आहे. हडप्पा आणि चन्हुदाडो इथल्या वस्तूंमधले धागे तपासून, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीत रानरेशीम वापरात होतं, असं संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. आपल्या नेवाशाच्या उत्खननातही ताम्रपाषाण काळातल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशीम आणि कापसाचा धागा मिळाला होता. आज नागपूर-भंडाऱ्याकडची करवत काटी साडी, करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली, टसरवर विणली जाते आणि तिला भौगोलिक मानांकन आहे.

साडीचं कौतुक होतं, ऐनाचं होत नाही, याची मला खंत आहे. मिश्र पानगळीचं जंगल तोडून जिथे नुसता साग लावला गेला, तिथे टसरच्या अळीला खायला काही नाही. दुरून ते रान हिरवं दिसतं, नकाशावरही जंगल म्हणूनच रंगवलं जातं. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपानं यांच्या बरोबरीने टसर आणि कोश यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाचा कोशावर हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांना. आपल्या जंगलाचा आराखडा करताना या ग्रामसभांनी ऐन आणि अर्जुन राखायचं ठरवलं, तर पतंग, कोसा आणि राखणदार तिघंही टिकतील. माझ्या मते टसर वाचवायचा याहून चांगला मार्ग नाही.

वाचकांना एक विनंती. या हिवाळ्यात रानात गेलात आणि देठाला लटकलेला बंद कोसा दिसला, तर तोडू नका. आत जीव आहे, त्याला जूनपर्यंत थांबायचं आहे. फोटो काढा, आणि फोटोबरोबर झाडाचं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. झाडाचं नाव येत नसेल तर गावातल्या कुणाला विचारा.