करंगळीचा चेहरा

ती कवटी पहिल्यांदा जमिनीबाहेर आली तेव्हा हार्बिनवर जपान्यांचा अंमल होता. साल 1933. ईशान्य चीनमधल्या या शहरात सोंगहुआ नदीवर पूल बांधायचं काम चाललं होतं. काम जपान्यांचं, राबणारे हात चिनी. त्यातल्याच एका मुकादमाच्या हाती ती लागली. आकाराने दांडगी, भुवयांच्या जागी हाडाचा जाड बांध, डोळ्यांच्या खोबणी जवळजवळ चौकोनी. माणसाची म्हणावी, तर कुठल्या माणसाची, असा प्रश्न पडावा अशी. चारच वर्षांपूर्वी पेकिंगजवळच्या टेकडीत ‘पेकिंग मानवा’ची कवटी निघाली होती आणि तिचा भरपूर गाजावाजा झाला होता. आपल्या हातातली वस्तूही तसलीच मोलाची असणार, हे मुकादमाने ताडलं असावं. त्याने ती साहेबाच्या हवाली केली नाही. गुंडाळून एका पडीक विहिरीत दडवून टाकली.

पुढे जपानी गेले, यादवी झाली, कम्युनिस्ट आले. आपण जपान्यांच्या हाताखाली काम केलं होतं हे चारचौघांत बोलायची सोय उरली नाही, मग त्या कामावर सापडलेल्या कवटीबद्दल बोलणं दूरच. मरणाच्या दारात असताना त्याने घरच्यांना गुपित सांगितलं. 2018 साली त्यांनी विहिरीतून कवटी काढली आणि हबेई प्रांतातल्या भूविज्ञान विद्यापीठाच्या संग्रहालयाला देऊन टाकली. पंचाऐंशी वर्षांचा अज्ञातवास! पेकिंग मानवाची मूळ हाडं मात्र 1941 साली, सुरक्षित राहावीत म्हणून अमेरिकेला धाडायच्या धावपळीत, कायमची गहाळ झाली. तिजोरीतलं हरवलं आणि विहिरीतलं वाचलं.

अर्थात ही सारी हकिकत घरातून तोंडी आलेली आहे. कवटी नेमकी कुठे, किती खोलीवर मिळाली, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, आणि पुरातत्त्वात जागा हरवलेली वस्तू म्हणजे निम्मी हरवलेली वस्तू. म्हणून संशोधकांनी कवटीच्या नाकात अडकून बसलेल्या मातीची परीक्षा केली. ती हार्बिन परिसरातल्या जुन्या थरांशी जुळली. युरेनियमच्या मापनावरून वय निघालं निदान 1,46,000 वर्षं. म्हणजे मुकादमाच्या गोष्टीला नाकातल्या मातीने दुजोरा दिला.

ही कवटी अजून विहिरीत पडून होती तेव्हा, तिथून शेकडो कोस पश्चिमेला, एक हाड आपला धनी शोधत होतं.

सैबेरियाच्या दक्षिणेला अल्ताय पर्वतात देनिसोवा नावाची गुहा आहे. देनिस नावाचा कुणी बैरागी अठराव्या शतकात तिथे राहत असे, त्यावरून हे नाव. रशियन पुरातत्त्वज्ञ कित्येक वर्षं तिथे खणत आहेत. 2008 साली आनातोली देरेव्यांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे बोटाच्या टोकाचं हाड मिळालं. लहान मुलीच्या करंगळीचं. पेर कसलं, पेराचा तुकडाच. त्याचे दोन भाग करून एक जर्मनीत लाइप्झिगला गेला, दुसरा अमेरिकेत बर्कलीला.

लाइप्झिगला माक्स प्लांक संस्थेत स्वांते पेबो यांची प्रयोगशाळा होती. जुन्या हाडांतून डीएनए काढायचं शास्त्र ज्यांनी घडवलं, त्यांतलं हे सर्वांत मोठं नाव. तिथे योहानेस क्राउझ आणि फू छियाओमेई नावाची चिनी विद्यार्थिनी या तुकड्याच्या मागे लागले. फूचं नाव वाचकाने जरा जपून ठेवावं, पुढे लागणार आहे. हाडाची जेमतेम 30 मिलिग्रॅम भुकटी घेतली. अपेक्षा फार नव्हती. निअँडरथलचं असेल, नाहीतर आपल्यासारख्याच माणसाचं. एवढंच ठरवायचं होतं.

त्यांनी आधी मायटोकॉन्ड्रियातला डीएनए वाचला. हा आईकडूनच मुलांकडे येतो, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा असतो आणि पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्यामुळे जुन्या हाडात त्यातल्या त्यात टिकून राहतो. आजचा माणूस आणि निअँडरथल यांच्या या मजकुरात सरासरी 202 अक्षरांचा फरक असतो. करंगळीच्या मजकुरात आपल्यापासून 385 अक्षरांचा फरक निघाला. जवळजवळ दुप्पट. म्हणजे हा आपल्यातला नाही आणि निअँडरथलही नाही. पेबो तेव्हा अमेरिकेत होते. क्राउझने फोनवर पहिल्यांदा विचारलं ते, बसला आहात ना, हेच. पेबो उभे होते. बसून घ्या, असं त्याने सुचवलं.

2010 च्या मार्चमध्ये शोधनिबंध आला, तेव्हा जगात पहिल्यांदाच एका अज्ञात मानवाची ओळख कवटी, जबडा, सांगाडा असं काहीही न पाहता, नुसत्या अक्षरांवरून पटली होती. आपल्याकडे करंगळीवर गोवर्धन पेलल्याची कथा लहान पोरालाही ठाऊक असते. इथे करंगळीवर अख्खी मानवजात पेलायची होती. डिसेंबरात पेशीकेंद्रातल्या डीएनएचा निकाल आला आणि चित्र आणखी पालटलं. आईकडच्या धाग्यावरून जो फार दूरचा वाटला होता, तो प्रत्यक्षात निअँडरथलचा चुलत भाऊ निघाला. आणि पापुआ न्यू गिनीकडच्या आजच्या माणसांत त्याचा चार ते सहा टक्के वारसा आढळला! तिबेटी माणसाला विरळ हवेत तगून राहायला मदत करणारं एक जनुकही त्याच्याकडूनच आल्याचं 2014 साली दिसलं. दक्षिण आशियात, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, त्याचा बारीकसा अंश आहे.

पण त्याला चेहरा नव्हता. शास्त्रीय नावही पेबोंनी ठेवलं नाही. गुहेवरून ‘देनिसोवन’ एवढंच. मला हा संयम आवडतो. नवी जात जाहीर करून स्वतःचं नाव तिला चिकटवायचा मोह या क्षेत्रात फार जणांना आवरलेला नाही. पुढची काही वर्षं देनिसोवनची सगळी मालमत्ता ओंजळीत मावेल एवढीच राहिली: ती करंगळी, दोनचार दाढा, हाडांच्या चिपा. त्यातली एक चीप तर कहरच. गुहेतल्या दोन हजारांहून जास्त बिननावाच्या हाडांच्या तुकड्यांतून, त्यांच्यातल्या प्रथिनांची एकेक करून तपासणी करत, ऑक्सफर्डला ती वेचून काढली गेली. 2018 साली लाइप्झिगला तिचा डीएनए वाचला, तर ती मुलगी आईकडून निअँडरथल आणि बापाकडून देनिसोवन! दोन मानवजातींची थेट पहिल्या पिढीची लेक. जिच्या बापाचा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

मग हळूहळू जबडे येऊ लागले. तिबेटच्या पठारावर, 3,280 मीटर उंचीवरच्या एका गुहेत 1980 साली एका बौद्ध भिक्षूला अर्धा जबडा सापडला होता. तो देनिसोवनचा असल्याचं 2019 साली प्रथिनांवरून ठरलं. तैवानच्या समुद्रतळातून मच्छीमारांच्या जाळ्यात आलेला जबडाही त्याच गोतावळ्यातला असल्याचं एप्रिल 2025 मध्ये कळलं. हनुवटीपर्यंत पोचलो होतो. कपाळ, डोळे, नाक अजून दिसायचं होतं.

आणि तिकडे विहिरीतून निघालेल्या कवटीला चेहराच चेहरा होता, पण कुळ नव्हतं. जी छियांग, नी शीजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली तिचं बारसं केलं: होमो लाँगी. ‘लाँग’ म्हणजे चिनी ड्रॅगन. हार्बिनच्या प्रांतातून वाहणाऱ्या काळ्या ड्रॅगनच्या नदीवरून. वर्तमानपत्रांनी तिला ‘ड्रॅगन मॅन’ करून टाकलं. साधारण पन्नाशीचा पुरुष, मेंदूची जागा जवळजवळ 1,420 मिलिलिटर, म्हणजे आपल्यापेक्षा कमी नाही. हा आपला निअँडरथलपेक्षाही जवळचा भाऊबंद आहे, असा त्या अभ्यासकांचा दावा होता. बाकीच्यांची कुजबुज वेगळीच: हा तो बिनचेहऱ्याचा देनिसोवन तर नव्हे?

कुजबुजीला पुरावा लागतो. तो मिळवायला पुढे आली फू छियाओमेई. लाइप्झिगची ती विद्यार्थिनी आता बीजिंगमध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवत होती. करंगळीच्या निबंधावर क्राउझच्या खालोखाल तिचं नाव आहे. ज्या हातांनी बोटाची भुकटी केली, तेच हात आता कवटीकडे वळले.

पहिला प्रयत्न शहाण्यासुरत्या ठिकाणी. कानाच्या आतल्या भागाभोवती जे हाड असतं ते शरीरात सर्वांत टणक. प्राचीन डीएनएवाले आधी तिथेच हात घालतात. हाती काहीही लागलं नाही. कवटीत एकच दाढ शिल्लक होती, तिच्यातूनही नाही. मग प्रथिनांकडे वळणं आलं. प्रथिनं डीएनएपेक्षा चिवट, पण त्यांची साक्ष तुटपुंजी, कारण दोन जवळच्या मानवांची प्रथिनं बहुतेक सारखीच असतात. 95 प्रथिनं हाती लागली आणि त्यांत तीन ठिकाणी देनिसोवनचा खास ठसा दिसला. खटला उभा राहिला, पण तीन साक्षीदारांवर निकाल द्यायला फूचं मन घेईना, असं पुढच्या उद्योगावरून दिसतं.

तिने त्या एकुलत्या दाढेवरचं कीटण खरवडलं.

कीटण म्हणजे तेच, जे काढायला आपण दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून बसतो. लाळेतले क्षार दातांवर थराथराने साचतात आणि त्यांच्या स्फटिकांत जंतू, अन्नाचे कण आणि धन्याच्या स्वतःच्या थोड्या पेशी कोंडल्या जातात. माणूस जिवंत असतानाच बनलेला हा दगड. त्यात सापडणारा बहुतेक डीएनए जंतूंचा असतो, त्यामुळे इतक्या जुन्या कीटणातून माणसाचा डीएनए मिळेल यावर फारशी कुणी पैज लावली नसती. फूच्या चमूने घेतलं 0.3 मिलिग्रॅम. मिठाच्या दोनचार कणांएवढं.

खरी अडचण पुढेच होती. ही कवटी किती हातांतून गेली असेल! पुलावरचे मजूर, मुकादम, नातवंडं, संग्रहालयातले लोक: प्रत्येकाचा डीएनए तिच्यावर बसलेला. जत्रेत हरवलेल्या पोराचा आवाज ओळखण्यासारखंच हे काम. पण जुन्या डीएनएला एक खूण असते. तो बारीक तुकड्यांत मोडलेला असतो आणि तुकड्यांच्या टोकांना झीज होऊन ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचला जातो. नव्या डीएनएला ही झीज नसते. त्या खुणेवरून जुने तुकडे वेगळे काढले, जोडले, आणि मायटोकॉन्ड्रियाचा मजकूर उभा राहिला. तो सैबेरियाच्या त्याच गुहेतल्या आरंभीच्या देनिसोवनांच्या शाखेत जाऊन बसला.

18 जून 2025 रोजी दोन निबंध एकाच दिवशी आले, एक प्रथिनांचा, दुसरा कीटणाचा. करंगळीला चेहरा मिळाला आणि चेहऱ्याला कुळ. 1933 साली त्या मुकादमाने सवयीप्रमाणे घासूनपुसून कवटी लखलखीत केली असती, तर हे घडलं नसतं. तोंड न धुतल्यामुळे ओळख पटलेला हा बहुधा जगातला एकमेव गृहस्थ.

वाद संपले आहेत असं नाही. कवटीतून पेशीकेंद्रातला डीएनए अजून मिळालेला नाही, आणि आईकडचा धागा एकटाच कसा फसवतो हे याच गोष्टीत 2010 साली दिसलं होतं. मात्र इथे प्रथिनांनी वेगळ्या वाटेने तीच साक्ष दिली आहे, म्हणून मला हा निकाल पटतो. देनिसोवनना आता होमो लाँगी म्हणायचं का, यावर मात्र पंडितांत एकमत नाही. पंधरा वर्षं बिननावाचं राहिलेलं पोर, आणि आता नाव ठेवायला सगळे भाऊबंद हजर.

आपल्याकडेही अशी एक कवटी आहे. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी हाथनोरा इथे 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ती मिळाली. ती कुणाची यावर चाळीस वर्षं मतं मांडली जात आहेत. उष्ण मुलखात डीएनए लवकर विरतो, पण तैवानच्या कोमट समुद्रातल्या जबड्याने प्रथिनं तरी जपून ठेवली होती. हाथनोऱ्याला सापडला तो नुसता कवटीचा वरचा भाग. दात एकही नाही.