एक जाती, दोन नावे : स्टीलहेड मासा आणि हौशी मासेमारांची परिभाषा

एका जातीला एकच नाव असावे, ही वर्गीकरणशास्त्राची अपेक्षा लोकव्यवहार क्वचितच पुरी करतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्टीलहेड हा मासा याचे बोलके उदाहरण होय. जन्मभर नदीतच राहणारा रेनबो ट्राउट आणि नदीत जन्मून समुद्रात जाणारा व अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परतणारा स्टीलहेड हे दोन्ही एकाच जातीचे मासे आहेत. या जातीच्या शास्त्रीय नावाचा इतिहासही सरळ नाही. इ. स. १७९२ मध्ये वालबाउम यांनी कामचात्कातील माशाला तेथील स्थानिक नावावरून 'मायकिस' ही संज्ञा दिली. १८३६ मध्ये रिचर्डसन यांनी कोलंबिया नदीतील मासा निराळा समजून त्याला 'गेअर्डनेरी' म्हटले. १९८९ मध्ये दोन्ही एकच असल्याचे मान्य होऊन अग्रक्रमाच्या नियमाने जुने नाव कायम झाले. त्याच वेळी प्रजातीही 'साल्मो' न राहता 'ऑन्कोरिंकस' झाली. शास्त्राने अशा रीतीने दोनाचे एक केले. मासेमारांनी मात्र एकाचे दोनच ठेवले. हा केवळ अडाणी व्यवहाराचा हट्ट आहे, असे समजणे बरोबर होणार नाही.

ऑरेगन राज्यातील नॉर्थ अंप्क्वा नदीवर शनिवार-रविवार साधून जाणाऱ्या चार मित्रांचे उदाहरण घ्यावे. या नदीचा सुमारे ५० किलोमीटरांचा पट्टा केवळ 'फ्लाय'ने मासे धरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. पिसे, केस व दोरा गळाच्या काट्यावर बांधून केलेला कीटकाचा किंवा लहान माशाचा आभास म्हणजे फ्लाय. ती इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनाने दूर जाऊ शकत नाही. जाड व जड दोरीच काठीच्या झोक्याने फेकली जाते आणि फ्लाय तिच्यामागून जाते. दोरी प्रवाहाच्या आडवी टाकायची, प्रवाहाने तिला कमानीसारखी काठाकडे वळू द्यायची, मग एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा टाकायची, असा हा क्रम आहे. पहिला मित्र खाली सरकला की दुसरा त्याच्या मागून वरच्या टोकाला उतरतो. कोणी मध्येच पुढच्याच्या खालच्या बाजूला उतरला तर तो अपराध समजला जातो, आणि त्या अपराधाला 'लो-होल करणे' असे स्वतंत्र क्रियापदही आहे.

क्रियापदांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक विशेष नोंदवण्याजोगा आहे. कोकणात जाळे फेकून मासे धरणे म्हणजे 'पागणे' आणि गरीने धरणे म्हणजे 'गरवणे'; तेथे साधनावरून क्रियापद ठरते आणि त्याचे कर्म मासा हे असते. स्टीलहेडच्या मागे जाणाऱ्यांच्या इंग्रजीत 'फिश' या क्रियापदाचे कर्म पुष्कळदा मासा नसून पाणी असते. अमुक डोह 'फिश केला' असे ते म्हणतात, आणि एकही मासा न लागता ते विधान पूर्णतः सत्य असते. ज्या माशाला 'हजार फेकींचा मासा' असे टोपणनाव पडले आहे, त्याच्या बाबतीत ही वाक्यरचना सोयीचीच म्हणावयास हवी. डोहांनाही नावे आहेत : स्टेशन, बोट, किचन, मॉट. यांपैकी शेवटचे नाव तेथे तळ ठोकून राहिलेल्या मेजर मॉट यांच्यावरून आले. जवळच्या स्टीमबोट नावाच्या ओढ्यात आगबोट कधीच चालणे शक्य नव्हते. सोन्याच्या आशेने येऊन निराश झालेल्या खाणकामगारांच्या बोलीतून ते नाव आले, असे सांगतात.

माशाने फ्लाय तोंडात घेणे याला 'टेक' किंवा 'ग्रॅब' म्हणतात. नदीत परतलेला प्रौढ स्टीलहेड फारसे खात नाही. तरी तो फ्लाय का घेतो, याविषयी एकमत नाही. ली स्पेन्सर या नदीवरच्या मासेमाराने तर आपल्या गळाचे टोकच छाटून टाकले होते. मासा वर येऊन फ्लाय घेई आणि सोडून देई. स्पेन्सर यांना तेवढे पुरत असे. येथे 'मासे पकडणे' या क्रियेतून पकडणेच वजा झाले आहे, तरी ती मासेमारी नव्हे असे कोणी म्हणत नाही.

मासा हाती आला की पहिली नजर त्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असणाऱ्या लहान मांसल पराकडे जाते. मत्स्यबीजकेंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा हा पर पाण्यात सोडण्यापूर्वी कापण्याचा प्रघात आहे. पर नसलेला तो 'हॅचरी' आणि पर असलेला तो 'वाइल्ड' : पहिला नियमांत बसल्यास घरी नेता येतो, दुसरा पाण्यात परत सोडावयाचा. चिन्हविज्ञानाच्या दृष्टीने येथे अभावच चिन्ह झाला आहे. पण हे चिन्ह नेमके कशाचे? केंद्रातून आलेल्या दोन माशांनी नदीच्या वाळूगोट्यांत अंडी घातली, तर त्या पिल्लांचा पर शाबूत राहतो आणि व्यवहारात ती 'वाइल्ड' ठरतात. म्हणजे शब्द कुळाचा वाटतो, परंतु सांगतो ते जन्मस्थळ.

'स्टीलहेड' या नावाचेही तसेच आहे. समुद्रात जाऊन आलेल्या मादीची काही पिल्ले नदीतच राहून ट्राउट म्हणून आयुष्य काढतात, तर ट्राउटच्या पोटचे काही मासे समुद्राकडे जातात. माशाच्या कानातील खड्याच्या गाभ्यात स्ट्रॉन्शियमचे प्रमाण किती आहे, यावरून त्याची आई समुद्रात जाऊन आली होती की नाही हे कळते. तो स्वतः काय होईल हे मात्र त्यावरून ठरत नाही. स्टीलहेड हे जातीचे नाव नसून जीवनक्रमाचे नाव आहे. 'शेतकरी' किंवा 'वारकरी' हे शब्द जसे वंश न सांगता आचरण सांगतात, तसाच हा शब्द आहे.

अमेरिकेच्या कायद्याला हा भेद टाळता आला नाही. समुद्रात जाणारे मासे एका संघीय खात्याच्या अखत्यारीत येतात, तर नदीतच राहणारे दुसऱ्या. २००६ च्या जानेवारीत संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली स्टीलहेडच्या १० समूहांविषयी निर्णय झाला, तेव्हा त्याच नद्यांतील रेनबो ट्राउट त्या समूहांतून वगळण्यात आले. ज्या दोन नावांमागे शास्त्राला एकच जाती दिसत होती, त्यांपैकी एकाला संरक्षण मिळाले, दुसऱ्याला नाही. या निर्णयावर वर्गीकरणाच्या दृष्टीने कोणी आक्षेप घेतला, तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु नदीवरून समुद्रात जाणारी परंपरा नष्ट होऊन केवळ ट्राउट उरले, तर जाती टिकली असे म्हणता येईल आणि स्टीलहेड मात्र राहिलेला नसेल. मासेमारांचे जुने नाव नसते, तर या हानीचा उच्चार करावयास सोयीचा शब्दही नसता.

नॉर्थ अंप्क्वाचा मासा त्या दहा समूहांत नाही. तेथील नियम राज्य ठरवते. २०२० च्या वणव्यांत या खोऱ्याचा मोठा भाग होरपळला. पुढच्याच उन्हाळ्यात परतणाऱ्या वाइल्ड स्टीलहेडची संख्या इतकी घटली की राज्याच्या मत्स्य खात्याने २०२१ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत नदी बंद ठेवली. बंदी केवळ स्टीलहेड धरण्यावर नव्हती, मासेमारीवरच होती. ट्राउटसाठी टाकलेली फ्लाय स्टीलहेडही घेऊ शकतो, आणि समुद्रात न गेलेले कोवळे पिल्लू पुढे कोणत्या नावाचे होणार हे पाहून सांगता येत नाही. त्या हंगामात स्टेशन, किचन आणि मॉट हे डोह कोणी 'फिश' केले नाहीत.