डाग वाढतोय का?

1990च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये 233 माणसांना सांगण्यात आलं की तुमच्या फुप्फुसात एक गाठ दिसते आहे. सगळे साठीच्या पुढचे, वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले, पण छातीची तक्रार कुणाचीच नव्हती. तपासायला म्हणून एक हजार जण आले होते, त्यांतले हे 233. यांच्यापैकी फक्त 28 जणांची बायोप्सी करावी असं डॉक्टरांनी ठरवलं. बाकीच्यांपैकी बहुतेकांना सांगितलं, आत्ता काही करू नका, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढू. त्या 28 पैकी 27 जणांना कर्करोग निघाला. आणखी तिघांची बायोप्सी शिफारस डावलून झाली. त्या तिघांच्याही गाठी साध्या निघाल्या.

1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा अभ्यास ‘ईएलकॅप’ नावानं ओळखला जातो. सीटी स्कॅननं फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडतो, असा त्याचा सारांश सगळीकडे दिला जातो, आणि तो बरोबरच आहे. पण मला त्यातली खरी कमाल वेगळीच वाटते. ज्यांना सुई टोचायची गरज नव्हती, अशा दोनशेच्या आसपास माणसांना हात न लावता थांबण्याची रीत या अभ्यासानं घालून दिली. गाठ दिसल्यावर थांबायचं कसं आणि किती, हे त्यात मांडलेलं होतं.

अभ्यासाच्या प्रमुख होत्या क्लॉडिया हेन्श्की. वैद्यकीय शिक्षणाआधी त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या न्यूयॉर्कमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या छातीच्या रेडिओलॉजिस्ट होत्या. सोबतीला डेव्हिड यँकेलेविट्झ हे दुसरे रेडिओलॉजिस्ट.

त्यांनी काम सुरू केलं 1992 साली, तेव्हा या विषयाला हात घालायला फारसं कुणी तयार नव्हतं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं नऊ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग केला होता. निम्म्यांचा दर चार महिन्यांनी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी व्हायची. कर्करोग जास्त सापडले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. लवकर शोधून उपयोग नाही, असा समज तेव्हापासून घट्ट झाला. हेन्श्की आणि यँकेलेविट्झ यांचा प्रश्न असा होता की एक्स-रेला जे ‘लवकर’ वाटतं ते मुळात लवकर आहे का? एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्या एकाच कागदावर एकावर एक छापल्यासारख्या दिसतात. त्यांच्या आड वाटाण्याएवढी गाठ सहज दडते.

तोवर नवं यंत्र आलं होतं. 1989 साली जर्मनीच्या विली कालेंडर यांनी सर्पिल सीटी रुग्णांसाठी वापरून दाखवला. टेबल सरकत राहतं, एक्स-रे सोडणारी नळी गोल फिरत राहते आणि एका दमात, श्वास रोखून धरलेल्या काही सेकंदांत, सगळी छाती टिपली जाते. फुप्फुसात हवाच जास्त असल्यामुळे किरणांची मात्रा बरीच उतरवली तरी गाठ दिसते. हेन्श्कींच्या गटानं त्या हजार जणांचा कमी मात्रेचा सीटी आणि एक्स-रे असे दोन्ही काढले. एक्स-रेत 68 जणांना गाठ दिसली, सीटीत 233 जणांना. एक्स-रेनं 7 कर्करोग पकडले, सीटीनं 27. त्या 27 पैकी 23 पहिल्या टप्प्यातले होते.

पण हत्यार इतकं धारदार झालं की दुसरंच संकट उभं राहतं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या फुप्फुसात गाठी असतातच. कधीतरी झालेल्या जंतुसंसर्गाचे व्रण, धुळीचे कण, छोट्या लसिका ग्रंथी. पाच मिलिमीटरची गाठ बघून ती साधी की वाईट, हे जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट खात्रीनं सांगू शकत नाही. सुई टोचायची, तर फुप्फुसातून हवा बाहेर येऊन ते आक्रसण्याचा धोका. आणि इतकी लहान गाठ सुईच्या टोकाला लागेलच असंही नाही.

मग उरतो तो काळ. कर्करोग वाढतो. व्रण वाढत नाही. संसर्गाची सूज एक तर झपाट्यानं वाढते, नाहीतर औषधानं ओसरते. म्हणून पुन्हा बघायचं. पण ‘वाढली’ हे ठरवायचं कसं, इथे सगळं अडतं. दिवाळीच्या दिवसांत घरात करून बघता येईल असा एक प्रयोग आहे. रव्याच्या लाडवाचं मिश्रण घ्या. एक लाडू पाच सेंटिमीटर व्यासाचा वळा. दुसऱ्या लाडवाला बरोबर दुप्पट मिश्रण घेऊन तेवढाच दाबून वळा आणि दोन्ही ताटात ठेवा. दुसरा दहा सेंटिमीटरचा होत नाही, जेमतेम सव्वासहाचा होतो. थोडा मोठा वाटतो, एवढंच. मिश्रण दुप्पट गेलं आहे हे बघणाऱ्याला पटतही नाही. आता हेच लाडू एक दशांश करा. पाच मिलिमीटरची गाठ दुपटीनं वाढली, तर व्यास होतो 6.3 मिलिमीटर. पडद्यावर माउसनं रेघ ओढून मोजणाऱ्या दोन डॉक्टरांच्या मापात एवढा फरक एरवीही पडतो.

यावर यँकेलेविट्झ आणि हेन्श्की यांनी कॉर्नेलचे अभियंते अँथनी रीव्ह्ज यांच्याबरोबर काम केलं. रेघ ओढणं सोडून गाठीचं आकारमानच संगणकाकडून मोजून घ्यायचं. गाठ बारीक घनांमध्ये फोडायची, तिला चिकटलेली रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाचं आवरण गणितानं कापून वेगळं करायचं आणि उरलेले घन मोजायचे. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दोन मापांवरून दुपटीचा काळ काढायचा. 2000 साली त्यांनी हे ‘रेडिओलॉजी’त प्रसिद्ध केलं. कापायची ती वाहिनी नेमकी कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते, यावर या गटाची कितीतरी वर्षं खर्ची पडली. बाहेरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटेल, पण सगळा निर्णय त्या सीमारेषेवर उभा असतो.

2002 साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सगळ्या गाठी भरीव नसतात. काही धुक्यासारख्या असतात, त्यांच्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसतात. काही अर्ध्या धुकट, अर्ध्या भरीव. या अर्ध्यामुर्ध्या गाठींत कर्करोगाचं प्रमाण भरीव गाठींपेक्षा बरंच जास्त निघालं.

यानंतरचा भाग वादळी आहे. 2006 साली हेन्श्कींच्या आंतरराष्ट्रीय गटानं 31,567 लोकांच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. 484 कर्करोग सापडले, त्यांतले 85 टक्के पहिल्या टप्प्यात, आणि या पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी 88 टक्के दहा वर्षं जगतील असा अंदाज. टीका लगेच सुरू झाली आणि तिच्यात दम होता. समजा दोन माणसं 2006 साली याच रोगानं गेली. एकाचा रोग 2000 साली स्कॅनमध्ये सापडला होता, दुसऱ्याचा 2005 साली खोकल्यातून रक्त पडल्यावर. पहिला सहा वर्षं ‘जगला’ आणि दुसरा एक वर्ष, पण मरण कुणाचंच पुढे ढकललं गेलं नाही. हेन्श्कींच्या अभ्यासात तुलनेसाठी न तपासलेला गट नव्हता, त्यामुळे या शंकेचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. 2007 साली तसाच आक्षेप आकड्यांनिशी मांडणारे पीटर बाख मेमोरियल स्लोन केटरिंगचे, म्हणजे यॉर्क अव्हेन्यूवर हेन्श्कींच्या महाविद्यालयासमोरच असलेल्या रुग्णालयाचे.

2008 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं बातमी दिली की या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानात सिगारेट बनवणाऱ्या लिगेट कंपनीच्या मूळ समूहाचे 36 लाख डॉलर आले होते. प्रतिष्ठानाच्या प्रमुख हेन्श्कीच होत्या. देणगी आम्ही दडवली नव्हती, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं होतं. तरी शोधनिबंध वाचणाऱ्याला ते कळायला हवं होतं, आणि तिथे ते कळत नव्हतं. माझ्या मते ती गंभीर चूक होती. फुप्फुसाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यानं तंबाखूच्या पैशाबद्दल सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं बोलायला हवं.

विज्ञानाचा निवाडा मात्र दुसऱ्यांच्या अभ्यासातून आला. अमेरिकेतल्या 33 केंद्रांवर 53,454 लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांचा सीटी आणि निम्म्यांचा एक्स-रे, असा तीन वर्षं वार्षिक तपास झाला. सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी भरले. हेन्श्कींचं मूळ म्हणणं खरं ठरलं, त्यांचे मोठे आकडे मात्र तसेच्या तसे टिकले नाहीत. शिवाय याच अभ्यासात सीटीत सापडलेल्या संशयित गाठींपैकी 96 टक्क्यांहून अधिक कर्करोगाच्या नव्हत्या. थांबायचं कसं, हा प्रश्न पुन्हा समोर आला. त्यावरचं उत्तर नेदरलँड्स-बेल्जियमच्या ‘नेल्सन’ अभ्यासानं 2020 साली दिलं, तेही आकारमान मोजूनच. 50 घन मिलिमीटरच्या आतली गाठ सोडून द्यायची, 500च्या वरची लगेच बघायची, मधलीसाठी थांबायचं आणि दुपटीचा काळ 400 दिवसांपेक्षा कमी निघाला तरच पुढे जायचं. पुरुषांमधले मृत्यू दहा वर्षांत 24 टक्क्यांनी घटले आणि नाहक धावाधाव कितीतरी कमी झाली.

आता संगणकाला गाठ ओळखायला शिकवतात. त्यासाठी जमवलेल्या 1,018 स्कॅनच्या एका मोठ्या संग्रहात चार-चार अनुभवी रेडिओलॉजिस्टनी खुणा केल्या. आधी एकट्यानं, मग इतरांच्या खुणा बघून. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून किमान एकानं दाखवलेल्या जागा 2,669 होत्या, आणि चौघांचंही एकमत झालं फक्त 928 जागांवर. मशीनला शिकवायला बसलेल्या गुरुजनांचीच ही अवस्था असेल, तर मशीनच्या अचूकतेचा आकडा वाचताना ती कशाच्या तुलनेत मोजली आहे हे विचारलंच पाहिजे. 2019 साली गूगलच्या गटानं आपली प्रणाली सहा रेडिओलॉजिस्टच्या तुलनेत तपासली. एकच स्कॅन दिला तेव्हा यंत्र सहाही जणांच्या पुढे गेलं. जुना स्कॅनही हातात दिला तेव्हा माणसं यंत्राच्या बरोबरीला आली.

आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. अमेरिकेत कुणाची तपासणी करायची हे सिगारेटच्या पाकिटांवरून ठरतं. रोज वीस सिगारेटी आणि अशी वीस वर्षं, हा सध्याचा हिशेब. विडीच्या बंडलाचं आणि चुलीच्या धुराचं माप त्यात बसत नाही. आणि न ओढणारे तर त्यात येतच नाहीत. जपानमधल्या मात्सुमोतोच्या शुसुके सोने यांनी 1996 पासून सीटी यंत्र गाडीवर बसवून गावोगाव नेलं होतं, आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये त्यांना जवळपास ओढणाऱ्यांइतक्याच प्रमाणात कर्करोग सापडले. दुसरी अडचण क्षयाची. क्षय बरा होतो, पण मागे व्रण ठेवून जातो. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या चालू राहिल्या, असे रुग्ण इथल्या प्रत्येक छातीरोगतज्ज्ञाला माहीत असतात.

माझ्या मामांना विशीत क्षय झाला होता. गेल्या वर्षी भलत्याच कारणासाठी सीटी काढला आणि रिपोर्टात उजव्या वरच्या भागात सहा मिलिमीटरची गाठ लिहून आली. घरात कुणी नीट जेवलं नाही. रेडिओलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला, “जुनं काही आहे का?” मामीनं पलंगाखालची ट्रंक ओढली. सात वर्षांपूर्वी मामा स्कूटरवरून पडले तेव्हा छातीचा सीटी काढला होता. ते मोठं पिवळं पाकीट साड्यांच्या तळाशी, कोपरे मुडपलेलं, तसंच होतं. फिल्मा एकमेकींना चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या एकेक करून सोडवल्या, दिव्याच्या पाटीवर लावल्या आणि उजव्या वरच्या भागाशी बोट नेऊन बराच वेळ पाहिलं. मग नवा स्कॅन पडद्यावर मागेपुढे सरकवला. रक्तवाहिनी असती तर बोटाखालून पुढे सरकत गेली असती. तो ठिपका आला आणि गेला. जुन्या फिल्मेतही तो तिथेच, तेवढाच.

घरी आल्यावर मामीनं नव्या फिल्मा त्याच पाकिटात घातल्या, वर बॉलपेननं तारीख लिहिली आणि पाकीट या वेळी साड्यांच्या वर ठेवलं.