माउंटनबोर्डिंग : डोंगर-उतारावरचा एक नवा खेळ

बर्फ वितळल्यावर काय करावें, या प्रश्नांतून हा खेळ जन्मास आला. बर्फाळ डोंगरांवर पायांखालीं एकच फळी बांधून घसरत जाण्याचा स्नोबोर्डिंग नांवाचा खेळ पाश्चात्य तरुणांस फार प्रिय आहे. पण उन्हाळा लागला कीं त्यांस हात चोळीत बसावें लागे. १९९२ च्या सुमारास इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत कांहीं खटपट्या तरुणांनीं, आपापल्या ठिकाणीं स्वतंत्रपणें, फळीस चाकें लावून ती गवताळ व मातीच्या उतारांवर चालविण्याचे प्रयोग केले. अमेरिकेंत जेसन ली व पॅट्रिक मॅक्कॉनेल यांनीं १९९३ मध्यें अशा फळ्या तयार करण्याचा धंदाच सुरू केला.

रस्त्यावर खेळावयाचा स्केटबोर्ड वाचकांनीं पाहिला असेल. त्याचीं चाकें लहान व भरीव असल्यामुळें वाटेंत खडा आला कीं तीं अडतात. माउंटनबोर्डचीं चाकें सुमारें आठ-नऊ इंच व्यासाचीं असून त्यांच्या टायरांत सायकलप्रमाणें हवा भरलेली असते. म्हणून खांचखळग्यांवरून तीं सहज जातात. फळी सुमारें एक मीटर लांब, व तिजवर पाय अडकविण्यास दोन पट्टे असतात. सुकाणूं मात्र नसतें. स्वार ज्या बाजूस अंगाचा भार टाकील त्या बाजूस फळी कलते, आंस तिरपे होतात व ती वळूं लागते. टायरांतील हवा थोडी कमी ठेविल्यास वेगही कमी होतो; नवशिक्यास हें सोयीचें पडतें.

या खेळांतला पहिला धडा थांबण्याचा आहे. कांहीं फळ्यांस हातांत धरावयाचा ब्रेक असतो, पण पुष्कळांस तो नसतो. अशा वेळीं फळी उताराला आडवी घेऊन चढाच्या दिशेनें वळवावी लागते, म्हणजे वेग आपोआप ओसरतो. पडतांना हात ताठ पुढें टेकण्याची संवय सर्वांसच असते, व त्यानें मनगट मोडण्याची भीति असते. म्हणून मऊ गवतावर अंग सैल सोडून पडण्याचा सराव आधीं करावा लागतो. शिरस्त्राण, मनगट, कोपर व गुडघे यांचीं संरक्षक साधनें घातल्यावांचून फळीवर पाय ठेवूं नये. चार-चार स्वारांच्या वळणावळणाच्या शर्यती व उंचवट्यांवरून घ्यावयाच्या उड्या हें सर्व त्यानंतरचें.

तेव्हां घरांतील मुलानें किंवा मुलीनें या खेळाची परवानगी मागितल्यास वडील मंडळींनीं एकदम नकार देऊं नये, कीं केवळ कौतुकानें होकारही देऊं नये. सौम्य उतारावर समक्ष उभें राहून, "आतां येथें थांब," असें सांगावें. सांगितल्या जागीं दहाही वेळां थांबतां आलें, तर थोड्या उंच उतारास हरकत नाहीं. न आल्यास तोच उतार आणखी कांहीं दिवस पुरे.